उजेड शून्यावर

छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वारताई म्हणत. हे नाव थोरल्या मालकांनी ठेवलेलं. ताई तेव्हा नुकत्याच शिशाचे अक्षरखिळे जुळवायला शिकत होत्या, हात काळे आणि मान सदा खाली. पहिल्याच आठवड्यात, इतरांनी तपासून पुढे ढकललेल्या पानात त्यांनी एक गळलेला अनुस्वार पकडला. मालक हसून म्हणाले, "ही पोरगी टिंबसुद्धा सुटू देत नाही." तेव्हापासून जे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे शिसं गेलं, संगणक आले, बरोबरचे जुळारी एकेक करून दुसऱ्या धंद्याला लागले. ताई मात्र तळघरातल्या खोलीत कीबोर्डपुढे जाऊन बसल्या आणि बोटांना नवी वाट शिकवली. नजर तीच होती. पानातली चूक त्यांना शोधावी लागत नसे, ती आपणहून खुपे, चपलेत खडा खुपावा तशी.

पण गेली काही वर्षं ताईंच्या पोटात एक भीती घर करून बसली होती, आणि ती त्यांनी कुणाच्या कानावर घातली नव्हती.

त्यांची आई आंधळी होऊन गेली. एकाएकी नाही, हळूहळू. आधी संध्याकाळी दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. मग ओट्यावर ठेवलेलं भांडं ओट्याच्या कडेबाहेर, हवेतच ठेवलं जायचं आणि खणखणत खाली यायचं. घरचे चिडायचे, "लक्ष कुठं असतं तुझं?" लक्ष जागेवरच होतं. नजर मात्र कडेकडून आत आत आटत चालली होती. शेवटी आईला नळीतून दिसावं इतकंच दिसायचं, आणि एके दिवशी ती नळीही मिटली. डॉक्टर म्हणाले होते, हे रक्तातलं दुखणं आहे.

आता ताईंचं तसं होऊ लागलं होतं. हाताशी ठेवलेला चहाचा कप बोटं लागून कलंडे. बाजूने आलेलं माणूस भुतासारखं एकदम पुढ्यात उभं राही आणि त्या दचकत. संध्याकाळी रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत. या सगळ्याची त्यांनी थट्टा करून टाकली होती. "वय झालं बाई, आता धडपडायचेच दिवस," असं म्हणून वेळ मारून न्यायची. डॉक्टरकडे जायचं मात्र नाव नाही. कारण ताईंना एक लेक होती, दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकणारी. आपल्या दुखण्याला एकदा नाव पडलं, की तेच नाव लेकीच्याही डोक्यावर टांगलं जाणार. न विचारलेलं बरं. बस आगारात तिकीटखिडकीवर बसणाऱ्या नवऱ्यालाही त्यांनी सुगावा लागू दिला नव्हता.

कामात त्यांनी आपली व्यवस्था लावून घेतली होती. संगणकाचा उजेड शेवटच्या टोकापर्यंत चढवलेला, अक्षरं पडदाभर मोठी केलेली. खोलीतली ट्यूब डोळ्यांत सुईसारखी टोचायची, म्हणून ती बंद. खिडकी नसलेल्या त्या खोलीत, अंधारात, लखलखत्या पडद्यापुढे त्या एकट्या काम करत. सरळ नजरेसमोरचं अक्षर अजून लख्ख दिसत होतं. तेवढ्यावर भागत होतं.

आणि मग मालकीणबाईंनी, म्हणजे थोरल्या मालकांच्या सुनेने, सांगितलं की संगणकात नवी सिस्टिम टाकायची आहे. जुनी नव्या फॉन्टना जुमानत नव्हती. "तंत्रज्ञाला बोलावते, तुमच्या शेजारी बसून करून देईल."

शेजारी बसून! तो बसला की पडद्याचा उजेड बघणार, घराच्या पाटीएवढी अक्षरं बघणार, विचारणार.

"त्याला कशाला?" ताई म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी मीच टाकते. मागच्या वेळी मीच टाकली होती की."

सुट्टीच्या दिवशी सकाळी छापखान्यात दोघंच होती. वर मशीनच्या खोलीत शाईदादा. आयुष्य छपाईच्या मशीनवर गेलेला हा माणूस. नखांतली शाई त्याच्या लग्नातही निघाली नव्हती म्हणे. लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीबरोबर खोक्यात घालायची पत्रकं छापून झाली होती, त्यांचे गठ्ठे दादा बांधत होते. दुपारी टेम्पो येऊन ते घेऊन जाणार होता. खाली तळघरात ताई.

ताईंनी आधी सगळं काम वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग नवी सिस्टिम भरलेला पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर येईल तसं करत गेल्या. सगळं सुरळीत चाललं. शेवटी संगणक आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला, कंपनीचं चिन्ह उमटलं, आणि गेलं.

त्यानंतर काळोख.

ताई वाट बघत राहिल्या. आता येईल, मग येईल. पंख्याची घरघर ऐकू येत होती. दिसत काहीच नव्हतं. पडदा नाही, कीबोर्ड नाही, टेबल नाही. त्यांनी स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला. हातही नाही.

त्या खोलीच्या दाराखालून जिन्यातला उजेड येतो, हे त्यांना माहीत होतं. तो का दिसत नाही? संगणकावर हिरवा दिवा असतो, तो कुठे गेला? हा काळोख खोलीतला नाहीच. हा आपल्या आतला आहे. आईचं हळूहळू झालं, आपलं एका झटक्यात झालं. हाक मारावी तर तोंड उघडेना, कारण हाक मारली, दादा आले, की ते खरं होणार होतं.

किती वेळ त्या तशाच बसून होत्या कोण जाणे. मग भिंत चाचपत उठल्या. पाण्याची बाटली गडगडली, खुर्ची नडगीला लागली. बटण सापडलं. ट्यूब दोनदा फडफडून पेटली, डोळ्यांत सुया घुसल्या, आणि सुया घुसल्या म्हणून ताईंना रडूच आलं. दिसत होतं! भिंतीवरचा ओघळ दिसत होता, सांडलेलं पाणी दिसत होतं. त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसलं.

मग त्यांनी संगणकाकडे पाहिलं. पडदा काळा ठिक्कर.

आता दुसरी धास्ती. यंत्र मेलं की काय? मालकीणबाईंना काय सांगायचं? त्यांनी बटण दाबून ठेवून संगणक बंद केला, पेनड्राइव्ह काढला, वायर घट्ट बसवली, पुन्हा चालू केला. सुरू होतानाचा सूर वाजला. मोठ्या अक्षरांची, कॅप्स लॉकची कळ दाबली, तर तिचा बारीक दिवा लागला, पुन्हा दाबली तर विझला. म्हणजे यंत्र जागं होतं, फक्त तोंड मिटून बसलं होतं. संगणकाचा सगळा कारभार पडद्याच्याच पाठीत बसवलेला होता, त्यामुळे वायर निसटली म्हणावं तर वायरच नव्हती.

नाइलाजाने त्यांनी तंत्रज्ञाला फोन लावला. तो कुठेतरी प्रवासात होता, मागे गाड्यांचा आवाज.

"पडदा अगदी मेल्यासारखा काळा आहे, की आत पुसट काही दिसतंय?" त्याने विचारलं. "मोबाइलची बॅटरी तिरकी मारून बघा. पुसट चित्र दिसलं, तर सिस्टिम ठीक बसलीय, फक्त पडद्यामागचा उजेड बंद पडलाय. काहीच नाही दिसलं, तर चित्रच तयार होत नाहीये. ते मोठं दुखणं. मग सगळं पुसून पहिल्यापासून टाकायचं, नाहीतर यंत्र उघडायचं."

ताईंनी बॅटरी मारली. इकडून मारली, तिकडून मारली. काचेला नाक लावून पाहिलं. काळ्यावर काळं.

"काहीच नाही हो."

"नीट बघितलंत?"

"डोळ्यांत तेल घालून बघितलं," ताई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

"मग पुसा आणि पहिल्यापासून टाका."

त्या पुन्हा पेनड्राइव्ह लावत होत्या, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दादा चहा विचारायला खाली आले होते.

"काय चाललंय?"

"पडदा गेला. सगळं पुसून परत टाकायचंय."

दादा दारातच थांबले, वाकून बघितलं. "पुसताय कशाला? दिसतंय की. अगदी पुसट आहे, पण आहे. जरा ती बॅटरी इकडे द्या." त्यांनी ट्यूब घालवली आणि बॅटरी पडद्यावर तिरकी धरली. "हे बघा. सगळं आहे आत. दिसलं ना?"

अंधारात ताईंना बॅटरीचा पांढरा ठिपका तेवढा दिसत होता.

"हो, हो," त्या म्हणाल्या. "दिसलं की."

"मग वाचा बरं काय म्हणतोय. माझा चष्मा वर राहिला. मला नुसत्या ओळी दिसतायत."

दादांनी भाबडेपणाने विचारलं होतं. नवी सिस्टिम सुरू झाली की काय लिहून येतं? ताईंनी अंदाज बांधला. "स्वागत आहे, असं लिहिलंय."

"एवढंच?"

"एवढंच."

दादा बॅटरी तशीच धरून उभे राहिले. मग सावकाश म्हणाले, "ताई, चांगल्या चार-पाच ओळी आहेत. खाली दोन चौकोन आहेत. बिनचष्म्याचं मला दिसतंय."

त्यांनी ट्यूब लावली. ताईंनी मान वर केली नाही.

"कधीपासून?" दादांनी विचारलं.

"दादा, तुमच्या पाया पडते, कुणाला सांगू नका."

"कधीपासून ते विचारतोय मी."

"संध्याकाळचं कमी दिसतं. कडेचं दिसत नाही. समोरचं अगदी स्वच्छ दिसतं, शपथ घेऊन सांगते. अक्षर न् अक्षर दिसतं."

दादा जिन्याच्या पायरीवर बसले. चेहरा उतरला होता. ते रागावले असते तर ताईंना बरं वाटलं असतं. ते घाबरलेले दिसत होते.

"ताई, वर गठ्ठे बांधून ठेवलेत. बाळांच्या औषधाचे. ते पान तुम्ही एकटीने पास केलंत."

हे ताईंच्या मनात आलंच नव्हतं. इतके दिवस त्या स्वतःसाठी भीत होत्या, लेकीसाठी भीत होत्या. आपल्या हातून दुसऱ्याच्या घरातल्या बाळाला काही होईल, हा विचार आज पहिल्यांदा समोर आला.

"मी तीनदा वाचलं होतं," त्या पुटपुटल्या.

"मूळ प्रत कुठाय?"

"डिस्कवर. औषधवाल्यांनी फाइलच पाठवली होती. बघायला संगणक लागेल."

दादा उठले. वर बिलाच्या टेबलावर एक जुना पडदा होता, तो छातीशी धरून ते धापा टाकत खाली आले. येताना चष्मा आणि छापलेलं एक पत्रक खिशात घालून आणलं. संगणकाच्या पाठीमागे वायर जोडायची जागा होती. तिथे डोळ्यांचं काही काम नव्हतं. ताईंनी बोटांनी खाच चाचपली आणि वायर बसवली. वरून आणलेला पडदा पेटला. त्यावर ओळी होत्या, खाली दोन चौकोन होते. 'भाषा निवडा', असं लिहिलं होतं. स्वागत कुठेच नव्हतं.

पुढचं सोपं निघालं. दादा वाचत गेले, ताई कळा दाबत गेल्या. सेटिंगमध्ये शिरून बघितलं, तर नव्या सिस्टिमने पडद्याचा उजेड खाली शून्यावर नेऊन ठेवला होता. ताईंनी तो वर सरकवला आणि काळा पडदा उजळला. एरवी त्यांनी टाळी वाजवली असती. आता ताईंनी डिस्क जोडली, मूळ फाइल उघडली.

त्या अक्षर अक्षर लावून वाचू लागल्या. औषधाचं नाव बरोबर. मात्रा बरोबर. दिवसातून किती वेळा, तेही बरोबर. अनुस्वार, काना, वेलांटी, सगळं जागच्या जागी. "बघा दादा, एक टिंब चुकलेलं नाही."

दादा अक्षरं वाचतच नव्हते. मशीनवाला माणूस, त्याला पान म्हणजे एक आकार. त्यांनी पत्रक लांब धरलं होतं आणि पडद्यावर पूर्ण पान लहान करायला लावलं होतं. एकदा इकडे, एकदा तिकडे बघत ते म्हणाले, "ताई, ह्याच्यात उजव्या कडेला एक चौकट आहे."

"कुठे?"

"तुमच्या समोर! उजवीकडे. आपल्या पत्रकात ती नाही."

ताईंनी मान वळवली, आणि मग ती दिसली. लाल कडेची उभी चौकट. आत लिहिलं होतं: सहा महिन्यांच्या आतील बाळांना हे औषध देऊ नये.

पान खोक्याच्या मापात बसवताना चौकट कडेबाहेर सरकली होती, आणि कापताना गेली होती. तीन वेळा वाचूनही ताईंना ती नसल्याचं कळलं नव्हतं, कारण ती जिथे असायला हवी होती, तिथे त्यांच्यासाठी काहीच नव्हतं.

वर रस्त्यावर हॉर्न वाजला. टेम्पो.

ताई धावल्या. जिन्यात पाय चुकला, गुडघा पायरीवर आपटला, तशाच उठल्या. मशीनच्या खोलीत पोचल्या तेव्हा टेम्पोवाल्याने पहिला गठ्ठा खांद्यावर घेतला होता. "ठेव तो खाली!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की त्याने गठ्ठा टाकूनच दिला. "एकही हलवायचा नाही."

"अहो बाई, मला काय, न्यायला सांगितलं तर आलो."

"नको म्हटलं ना!" त्या गठ्ठ्यावर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या, जणू तो हिसकावून घेणार होता. टेम्पोवाला कपाळावर हात मारून निघून गेला.

फोन गेल्यावर मालकीणबाई आल्या, त्यांनी पत्रक पाहिलं, मूळ पान पाहिलं. "गेलं असतं हे बाहेर... ताई, तुमच्या नजरेतून कसं सुटलं?"

"कापताना मशीनवर पान सरकलं असेल," दादा मधेच म्हणाले. "माझंच लक्ष नव्हतं."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भल्या माणसाने आयुष्यात कधी थाप मारली नसेल, आणि ती त्याला नीट मारताही येत नव्हती. ती तशीच चालू दिली असती तर सगळं झाकलं गेलं असतं. गुडघा ठणकत होता.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "दादांचं काही नाही. मला कडेचं दिसत नाही. आईला होतं तेच मला झालंय, आणि मला ते माहीत होतं."

मालकीणबाई एका गठ्ठ्यावर बसल्या. त्यांनी विचारलं ते ताईंना थपडेसारखं लागलं. "अजून काय काय सुटून गेलंय?"

पुढचे काही दिवस तिघांनी मिळून जुनी कामं उलटीपालटी करून तपासली. घातक असं काही निघालं नाही. एका शिकवणीवाल्याच्या जाहिरातीतला फोन नंबर मात्र कडेला पार कापला गेला होता. तो बिचारा महिनाभर म्हणत होता, की लोकांना शिक्षणाची गोडीच राहिली नाही. मालकीणबाईंना त्याही स्थितीत हसू फुटलं. ताईंना नाही. औषधाची पत्रकं सगळी रद्दीत घालून नव्याने छापली.

घरी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मला वाटायचं, तू माझ्यावर धुसफुसतेस. बाजूने हाक मारली, ताट पुढे केलं, तरी बघायची नाहीस. मी म्हटलं, काहीतरी चुकलं असेल माझं."

डोळ्यांच्या दवाखान्यात ताईंना एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं, हातात एक बटण दिलं. "कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की दाबा." ठिपके येत होते. मधले दिसले, बटण वाजलं. मग लांबलचक शांतता. यंत्र आत कुठेतरी टिकटिक करत होतं. म्हणजे ठिपके येत होते, एकामागून एक येत होते, आणि बटणावरचं बोट हलत नव्हतं. त्या शांततेइतकी भीती त्यांना तळघरातल्या काळोखातही वाटली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून काही लपवलं नाही. आईचंच दुखणं. औषध नाही. हळू चालतं, मधली नजर बरीच वर्षं टिकेलही. "मुलं किती?" त्यांनी शेवटी विचारलं. हाच प्रश्न येऊ नये म्हणून ताई इतकी वर्षं त्या दारापासून लांब राहिल्या होत्या.

त्या रात्री जेवणं व्हायच्या आधीच त्यांनी लेकीला फोन केला. सगळं सांगितलं, पत्रकासकट.

"आई," लेक म्हणाली, "मागे मी वसतिगृहाच्या जिन्यात पडले होते. तुला सांगितलं नव्हतं."

"दिवा नव्हता का तिथे?"

"आठवत नाही गं. बहुतेक नसेल."

"आठव ना."

"आई, खरंच आठवत नाही."

लेक दुसऱ्या दिवशीची बस धरून आली. तिलाही हनुवटी टेकवून बसवलं, तिच्याही हातात बटण दिलं. दार लोटलेलं होतं. ताई बाहेर बाकावर बसून कान देऊन ऐकत होत्या. बटणाचा आवाज येई, थांबे. पुन्हा येई. शेजारी नवरा हातातली पिशवी उगाच उघडत, मिटत होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता काही दिसत नाही, कडा सगळ्या ठीक आहेत. पण दरवर्षी यायचं, चुकवायचं नाही. ताईंनी तीनदा विचारलं, "म्हणजे नाही ना?" आणि तिन्ही वेळा उत्तर आलं, "आत्ता नाही."

छापखान्यात ताई आजही जातात. अक्षरं त्या बघतात, पान दादा बघतात, आणि कुरकुर दोघंही करतात. खोलीला जास्तीचे दिवे लावलेत, जिन्याला कठडा बसवलाय. काही दुपारी, मधली नजर अजून चांगली असताना, ताई कान लावून बसतात आणि दादांना पान वाचायला लावतात. नुसत्या आवाजावरून चूक कळते का, ते बघायला. कधी कळते, कधी सुटते. सुटली की त्या दादांना तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावतात.